लायसन्स खलास

आमच्या सांगलीच्या घरात माझा आणि बाबांचा आवाज एकदम चढला की आई आधी गॅस बंद करायची. भांडण किती वेळ चालेल याचा नेम नसायचा, आणि भाजी करपलेली तिला खपायची नाही. कशावरून भांडायचो? कशावरूनही. पंख्याच्या वेगावरून भांडलोय, कॉलेजच्या शाखेवरून भांडलोय. माझ्या लग्नाच्या पत्रिकेत त्यांच्या हुद्द्यापुढे ‘निवृत्त’ छापलं म्हणून ते छापखान्यात जाऊन तमाशा करून आले होते. मला दोहाला नोकरी लागली तेव्हा आई रडली. बाबा म्हणाले, "बरं झालं, घरात शांतता नांदेल." मी म्हटलं, "त्यासाठीच चाललोय."

बाबा तार ऑफिसात होते. लांब आणि आखूड ठोक्यांची ती मोर्सची भाषा त्यांच्या बोटांत इतकी मुरलेली, की जेवताना ताटावरही बोट चालायचं. तारखातं गुंडाळायच्या कितीतरी आधी त्यांनी हौशी रेडिओचं लायसन्स काढलं, गच्चीवर एरियलची तार ताणली आणि घरून जगाशी बोलायला लागले. हौशी रेडिओ म्हणजे आपला स्वतःचा सेट, सरकारने दिलेलं आपलं एक सांकेतिक नाव, आणि जगात कुठेही बसलेल्या दुसऱ्या लायसन्सवाल्याशी गप्पा. लायसन्स नसेल तर बटणाला हात लावायचा नाही, हा पहिला आणि शेवटचा नियम. मोर्स मला त्यांनीच शिकवली. म्हणजे चुकलं की मनगटावर पट्टी मारून शिकवली. एकोणिसाव्या वर्षी मी लायसन्सची परीक्षा पास झालो तर म्हणाले, "वेग कमी आहे."

दोहात बऱ्याच खटपटीनंतर मला इथलं लायसन्स मिळालं. अल मुंतझा भागातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर घरमालकाने नाक मुरडत तार बांधू दिली. आणि मग एक गंमत झाली. रेडिओवर आम्ही बापलेक भांडेनासेच झालो. मोर्समध्ये एकेक अक्षर हाताने बनवावं लागतं. रोमन अक्षरांत ‘मूर्ख आहेस’ एवढं लिहायचं तरी बोट दमतं, आणि तेवढ्यात राग निम्मा उतरतो. तोंडाने आम्ही एकमेकांना जे कधी विचारलं नाही ते बोटांनी विचारायला लागलो. पाठ कशी आहे. झोप लागते का. दर शुक्रवारी, इथले सकाळचे आठ, तिकडचे साडेदहा. शेवटी ७३. रेडिओवाल्यांच्या भाषेत ७३ म्हणजे शुभेच्छा, निरोप घेताना दोघांनी एकमेकांना द्यायचा आकडा. बाबांच्या तोंडून ‘सांभाळून राहा’ असं उभ्या आयुष्यात मी ऐकलं नाही. ७३ मात्र ते न चुकता द्यायचे. पण त्याचीही शिस्त होती. समोरून उत्तर आलं तरच. "उत्तर नाही तर ७३ काय भिंतीला द्यायचा?" असं म्हणायचे.

मग त्यांचे कान गेले. एकदम नाही, हळूहळू. फोनवर माझं बोलणं त्यांना कळेना. कानाचं मशीन लावलं तर म्हणाले, शेजारी कोणीतरी भांडी घासतंय असं वाटतं, आणि ते काढून डब्यात ठेवून दिलं. आई त्यांच्याशी पाटीवर लिहून बोलायला लागली. पण हेडफोन लावला आणि सूर अगदी खाली, घुमणाऱ्या आवाजावर आणला, की मोर्सचा ठोका त्यांना अजून ऐकू यायचा. डॉक्टर म्हणाले, हेही राहील असं समजू नका. राहील तोवर राहील. म्हणजे आमच्यापाशी शुक्रवार मोजकेच उरले होते. मला ते पक्कं माहीत होतं. पुढे जे झालं त्यात मला हे माहीत नव्हतं अशी पळवाट मला नाही.

आता दुसऱ्या माणसाबद्दल.

आमच्या कंपनीत सरकारी कागदांची कामं करणारा एक गृहस्थ आहे. याला इथे मंदूब म्हणतात. व्हिसा, परवाने, शिक्के, सगळं तोच फिरून करतो. हा मंदूब वसईचा. माझ्यापेक्षा चारपाच वर्षांनी मोठा, वीस वर्षं इथे, अरबी फाडफाड. घरी त्यांच्या वसईकडची मराठी. मी त्याला तोंडावर तुम्ही म्हणायचो, मनात अरेतुरे. एकदा ऑफिसातल्या मराठी लोकांनी दिवाळीच्या फराळाला जमायचं ठरवलं, तेव्हा तो बायकोला आणि शाळकरी मुलीला घेऊन आला. येताच म्हणाला, "उशीर झाला, गारी लावायला जागा नाय भेटली." मी सगळ्यांसमोर म्हटलं, "गारी नव्हे हो, गाडी. ड. डमरूतला ड. इतकी वर्षं अरबीतले घशातले आवाज काढताय, एक ड निघत नाही?"

सगळे हसले. मीही हसलो. त्याची मुलगीही हसली, आणि म्हणाली, "डॅडी, इट्स गाडी." त्याने चिवड्याची प्लेट खाली ठेवली. त्या दिवसापासून तो माझ्याशी मराठीत एक अक्षर बोलला नाही. हिंदी, इंग्रजी, नाहीतर अरबी. मला वाटलं, गेला उडत. एवढ्याशा गोष्टीला नाकाला मिरच्या झोंबत असतील तर झोंबू देत.

तर माझं लायसन्स दरवर्षी नव्याने करून घ्यावं लागे. मुदत संपली की पुढे तीस दिवसांची सवलत. तेवढ्यात कंपनीचं पत्र आणि सेटची यादी सहीसकट दिली की काम होई. तीस दिवस उलटले की सगळं पहिल्यापासून, नवा अर्ज, घरी येऊन सेटची तपासणी. कामाचा माणूस हाच. मी त्याला फोन करून फर्मान सोडलं, "मेरे रेडिओ लायसन्स का देख लेना," आणि दुखानला, तेलाच्या प्लांटवर, तीन आठवड्यांच्या शटडाऊनच्या कामाला निघून गेलो. तारीख मी लिहून ठेवली नाही. बाबा स्वतःच्या लायसन्सची तारीख देवघराच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहायचे आणि तीन महिने आधी अर्ज टाकायचे. मी त्यांना हसायचो.

दुखानहून परत आलो त्या दिवशी कॉरिडॉरमध्ये तो समोरून आला. थांबला. म्हणाला, "सर, आपका रेडिओ लायसन्स खलास."

बास, एवढंच. आता इथे खलास हा शब्द दिवसातून पन्नास वेळा कानावर पडतो. कॅफेटेरियावाला बिल दिल्यावर म्हणतो खलास. बँकेतला माणूस सही झाल्यावर म्हणतो खलास. खलास म्हणजे झालं, आटपलं, काम पूर्ण. बारा वर्षं कतारमध्ये काढलेला मी शहाणा माणूस. मी चालता चालताच हात वर केला आणि ऐटीत म्हटलं, "शुक्रन!"

तो माझ्याकडे बघत राहिला. ते बघणं मला आठवतं. मला वाटलं, आभार मानले म्हणून गडी चकित झालाय.

पुढचे चार शुक्रवार मी मजेत बोललो. बाबांनी विचारलं, "लायसन्स केलंस का नवीन?" मी उत्तर दिलं, "हो, खलास." त्यांनी विचारलं, "म्हणजे?" मी म्हटलं, "अरबीत झालं." त्यावर ते म्हणाले, "मराठीत सांग."

मग घरमालकाने गच्चीवरच्या तारेसाठी चालू लायसन्सची प्रत मागितली. मी मंदूबच्या टेबलाशी गेलो. म्हटलं, "कॉपी देना लायसन्स की."

"कौनसी कॉपी?"

"नये लायसन्स की. आपने बोला था ना, खलास."

तो खुर्चीत मागे रेलला. "सर, मैंने बोला लायसन्स खलास. खतम. एक्स्पायर. आपने बोला शुक्रन. मुझे लगा मजाक उडा रहे हो. आपकी आदत है."

माझं डोकं फिरलं. तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ना, तसं. मी टेबलावर हात आपटला आणि थेट मराठीत सुरू झालो. "अहो, काय बोलताय तुम्ही! लायसन्स संपलं म्हणून सांगता येत नव्हतं? तोंडात दात नाहीत? मुद्दाम केलंत तुम्ही. दिवाळीचा सूड उगवलात." सगळं ऑफिस माना वर करून बघत होतं. त्याने उठून मला माझ्याच टेबलाशी नेलं, माझ्या ट्रेमधले शटडाऊनचे नकाशे उचलले आणि त्याखालचा एक फॉर्म काढून माझ्या हातात दिला. सेटची यादी. सहीच्या जागी पेन्सिलीने फुली. कोपऱ्यात माझ्या लायसन्सची तारीख आणि तीस दिवसांनंतरची तारीख, दोन्ही त्याच्या अक्षरात. महिनाभर तो फॉर्म माझ्याच कागदांखाली माझी वाट बघत पडला होता. "मुद्दाम करना होता," तो म्हणाला, "तो ये क्यों रखता?"

तीस दिवस उलटून तीन दिवस झाले होते. आणि मी, तार ऑफिसातल्या माणसाचा मुलगा, चार शुक्रवार विनापरवाना बटण दाबत होतो.

मी काय केलं? माफी मागितली? अरे हट्. मी त्याच्या साहेबाकडे तक्रार करायला गेलो. साहेबाने फॉर्म बघितला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "यल्ला, चला, दोघं मिळून सोडवा." बाहेर पडताना माझे कान तापले होते. घरी बायकोला सांगितलं तर ती कणीक मळता मळता म्हणाली, "तुमच्याशी तो मराठीत बोलला असता तर काय म्हणाला असता?" मी म्हटलं, "संपलं म्हणाला असता." "मग तो मराठीत का बोलत नाही?" ती म्हणाली. मी तिच्यावरही ओरडलो.

बाबांना सांगणं भाग होतं. व्हिडिओ कॉलवर मी बोललो, आईने पाटीवर लिहिलं, बाबांनी वाचलं. त्यांनी पाटी पुसली, खडू मागितला आणि लिहून कॅमेऱ्यासमोर धरली. ‘मुदत संपेपर्यंत झोपला होतास? चार वेळा चोरी केलीस.’ पुन्हा पुसली. पुन्हा लिहिलं. ‘मी शुक्रवारी हाक मारीन. माझं लायसन्स चालू आहे.’ आणि उठून गेले. आई म्हणाली, "अरे, चिडलेत ते. दे सोडून." सोडून काय देणार? डिवचायचं कसं हे त्यांच्याकडूनच तर मी शिकलो.

शुक्रवारी आठ वाजता त्यांनी खरंच हाक मारली. ऐकायला कोणाची हरकत नसते, निदान तसं धरून मी सेट लावून बसलो. माझं सांकेतिक नाव तीनदा, त्यांचं तीनदा. थांबले. मी बटणाच्या शेजारी हात ठेवून बसलो होतो. दाबायचं का? कोणाला कळलं असतं? बाबांना कळलं असतं, आणि त्यांनी ते मरेपर्यंत माफ केलं नसतं. त्यांनी पुन्हा हाक मारली. पुन्हा थांबले. वीस मिनिटं हे चाललं, मग बंद. ७३ नाही.

पुढच्या शुक्रवारी तेच. त्याच्या पुढच्या शुक्रवारी मात्र मला काहीतरी खटकलं. हात तोच, पण अक्षरं एकमेकांना चिकटत होती. त्यांच्या हातात असं कधी व्हायचं नाही. कोणी अक्षरं चिकटवली की ते रेडिओवरच त्याची खरडपट्टी काढायचे. बटण दाबताना आपलाच ठोका आपल्या हेडफोनमध्ये वाजतो, त्यावर हात चालतो. तोच ऐकू आला नाही तर हात भरकटतो. चौथ्या शुक्रवारी माझ्या नावातलं एक अक्षर दोनदा आलं.

शनिवारचा दिवस मी घरात सगळ्यांवर खेकसण्यात घालवला. रविवारी सकाळी ऑफिसात गेलो आणि मंदूबच्या टेबलासमोर उभा राहिलो. तो फोनवर होता. त्याने फोन लांबवला, मुद्दाम, मला दिसत होतं. मी उभाच राहिलो. शेवटी फोन ठेवून म्हणाला, "येस सर."

"माझे वडील बहिरे होत चाललेत," मी म्हटलं. "त्यांना माझं फक्त रेडिओवर ऐकू येतं. तेही आता जाणार आहे. लवकर होईल असं काहीतरी करा. आणि त्या दिवाळीला मी जे बोललो ते हलकटपणाचं होतं."

दीड वर्षानंतर तो पहिल्यांदा मराठीत बोलला. "तुमी माज्या पोरीसमोर हसला. ती आता घरी मराठी बोलत नाय. बोलली तर लोक हसतील, म्हंते."

मी समोरची खुर्ची ओढून बसलो.

"वरीलांचं आधी का नाय सांगितलं?" तो म्हणाला आणि फाईल पुढे ओढली. "सही करा. इथं, इथं आनि इथं. तपासनीवाल्यांना आनायला गारी लागंल. पाठवाल गारी?"

शब्द त्याने नीट, सावकाश उच्चारला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"पाठवतो," मी म्हटलं.

तो धावला, हे मी कबूल करतो. माझ्यासाठी नाही धावला, बाबांसाठी. दर दोन दिवसांनी खात्यात जाऊन बसायचा. तिथला माणूस इन्शाल्ला म्हणाला की याला नेमका दिवस विचारल्याशिवाय उठायचा नाही. पण कागद कागदाच्या चालीनेच चालतो. एक शिक्का राहिला, एक साहेब रजेवर गेला, तपासणीची तारीख एकदा पुढे गेली. मी दर वेळी कोणावर तरी भडकलो आणि दर वेळी मला तो फॉर्म आठवला, माझ्याच ट्रेमधला, पेन्सिलीच्या फुलीचा. तोवर शुक्रवार जात होते. बाबा हाक मारत होते. आईने सांगितलं, आता हेडफोन लावून बसतात, पण आपण बटण दाबलं की सेटवरची सुई हलते का तेवढंच बघतात. सांगत नाहीत कोणाला. तिने विचारलं तर पाटी फेकली.

उत्तर न दिलेले नऊ शुक्रवार झाले. त्यानंतरच्या गुरुवारी मंदूब माझ्या टेबलाशी आला आणि लिफाफा ठेवला. "सर, लायसन्स झालं." मग म्हणाला, "झालं म्हंजे मिलालं. संपलं नाय."

कोणीच हसलं नाही. मी उठून त्याचा हात हातात घेतला. त्याने घेऊ दिला, एवढंच.

संध्याकाळी मी आईला फोन करून सांगितलं. तिने पाटीवर लिहून बाबांना दाखवलं. ‘लायसन्स मिळालं. उद्या उत्तर देणार.’ त्यांनी वाचलं म्हणे. आणि त्या रात्री जेवताना ताटावर बोट चाललं.

शुक्रवारी मी पावणेआठलाच बसलो. आठला त्यांची हाक आली. अक्षरं वेडीवाकडी, पण माझं नाव. ते थांबले आणि मी दाबलं. ‘बाबा, मी आहे. ठोका स्पष्ट येतोय. मी आहे.’ सावकाश, त्यांनी मला अगदी सुरुवातीला शिकवलं होतं तेवढ्या सावकाश.

उत्तर आलं ते पुन्हा माझ्या नावाची हाक होती.

मी पुन्हा दिलं. त्यांनी पुन्हा हाक मारली. मी सूर बदलला, वेग आणखी कमी केला, एकेक ठोका इतका लांब केला की हाताला रग लागली. ते थांबत होते, अगदी शिस्तीने, माझ्या उत्तराला लागेल तेवढा वेळ थांबत होते आणि मग पुन्हा हाक मारत होते. मी खुर्चीतून उठून, कोणी नसताना, त्या सेटवर ओरडलो, "अहो बाबा, मी आहे ना इथे!" बायको दाराशी येऊन उभी राहिली.

मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं बंद केलं, नेहमीसारखं. तेवढ्यात ठोके सुरू झाले. एकमेकांना चिकटलेले, तुटके. मी कागदावर एकेक अक्षर उतरवून घेतलं.

‘ऐकू येत नाही. तू आहेस असं धरतो. ७३.’

मी ७३ दिला. पुन्हा दिला. मग ‘मी आहे’ एवढंच देत बसलो. तिकडून सेट बंद झाल्यावरही देत होतो. नवं लायसन्स समोर टेबलावर होतं. पुढचं वर्षभर ते चालू राहणार होतं.